पाहुण्याकडे चालत गेलेले घर

एकदा एका अफाट गवताळ मुलखात, जिथे डोंगर नाहीत आणि आखलेल्या वाटाही नाहीत, एका वृद्ध सरदाराच्या टोळीचा तळ पडला होता. ही टोळी घोड्यांच्या पाठीवर जगणारी. गवत जिकडे जाईल तिकडे तिची घरे जात. घरे म्हणजे गोल तंबू: आत बारीक काठ्यांची जाळी, आणि जाळीवर लोकर कुटून केलेल्या जाड नमद्याचे आच्छादन. अख्खे गाव उठवायला त्या लोकांना एक सकाळ पुरत असे.

त्या मुलखाच्या दक्षिणेला एक रुंद नदी होती, आणि नदीपलीकडे बायझंटाइन सम्राटाचे राज्य सुरू होत होते. तिथे तट दगडाचे, रस्ते दगडाचे, आणि टोळीतली माणसे हसत म्हणत की त्यांचे नियमही दगडाचेच. दोन्हीकडच्या लोकांत कधी भांडण होई, कधी तह. मागच्या तहाच्या वेळी विश्वासाची खूण म्हणून सरदाराने आपल्या घरातला एक मुलगा सम्राटाकडे ओलीस ठेवला होता. त्याचे नाव तोगान. तो गेला तेव्हा घोड्यावर चढायला त्याला कोणाच्या तरी गुडघ्याचा आधार लागे. आता त्याला मिशी फुटली असेल, असे तळावरच्या बायका म्हणत.

तोगानची थोरली बहीण कुमुश. या भावंडांना आईवडील नव्हते, आणि त्यांच्या या चुलत आजोबांना, म्हणजे सरदाराला, मूलबाळ नव्हते. आपल्यामागे टोळी या मुलीने सांभाळावी, असे त्याने मनाशी ठरवले होते. म्हणून निवाडा करताना, पाणवठा निवडताना, घोडी पारखताना तो तिला जवळ बसवून घेई. यालाच तो शिकवणे म्हणे. ती प्रश्न विचारी, आणि तो बहुधा उत्तर देत नसे.

त्या वर्षी, गवत पिवळे पडू लागले तेव्हा, निरोप आला. सम्राटाचा दूत नवा तह करायला येत होता. तोगानला त्याने सोबत आणले होते. पण तोगान नदीपलीकडच्या लाकडी गढीत थांबणार होता. तह झाला तर टोळीने शिंग फुंकायचे, म्हणजे त्याला नावेत बसवून कायमचे घरी पाठवले जाईल. तह फिसकटला तर दूत त्याला घेऊन कॉन्स्टँटिनोपलला परत जाईल.

नदीकाठी उभे राहिले की त्या गढीतला धूर दिसे. दूत येण्याच्या दिवशी कुमुश सकाळीच तिथे जाऊन आली. धुराकडे पाहून कोण काय ओळखणार? तरीही ती बराच वेळ पाहत राहिली.

तळावर तोवर मोठी धांदल उडाली होती. सभेचा पांढरा तंबू उभा राहिला होता. बायकांनी नमद्याला खडू चोळून तो इतका लख्ख केला होता की एका कोकराने त्याला आपली आई समजून दोनदा हुंगले. वडीलधारी माणसे आत बसली. त्यांत तुर्गाक नावाचा एक म्हातारा लढवय्या होता. टोळीचे सारे कायदे त्याला पाठ, आणि ते कोणी मोडत नाही ना, याच्यावर त्याची सतत नजर.

पुढे जे घडले ते समजण्यासाठी दोन रिवाज आधी जाणून घेतले पाहिजेत.

पहिला टोळीचा. तंबूच्या उंबरठ्यावर पाय ठेवायचा नाही. उंबरठा म्हणजे घराची मान. तो तुडवून जो घरात येतो तो पाहुणा नव्हे, वैरी. आणि वैऱ्याशी बोलणी होत नाहीत. त्यांची मुले नीट चालायला लागण्याआधी उंबरठा ओलांडायला शिकतात.

दुसरा सम्राटाच्या दरबाराचा. सम्राटाची तसबीर हातात असेपर्यंत दूताने मान खाली घालायची नाही, कारण तेवढा वेळ तो स्वतः कोणीच नसतो, सम्राटच असतो.

आणि तंबूचे दार बुटके होते. वाऱ्याच्या मुलखात सगळीच दारे बुटकी असतात.

दूत आला. त्याचे नाव युजेनिओस. किडकिडीत बांध्याचा, पिकू लागलेल्या दाढीचा, चेहऱ्यावरून भला वाटणारा माणूस. अंगात टाचांपर्यंत लोळणारा रेशमी झगा, डोक्यावर उंच टोपी, आणि छातीशी धरलेली सोनेरी चौकटीची तसबीर. त्याच्यासोबत दुभाष्या म्हणून कातड्यांचा एक व्यापारी होता, दोन्ही काठांवर धंदा करून दोन्ही भाषा शिकलेला. उंबरठ्याचे त्याने दूताला वाटेत अनेकदा बजावले होते, आणि दूताने ते मनापासून लक्षात ठेवले होते. पण लक्षात ठेवून काय करणार? हनुवटी वर, तसबीर छातीशी. त्याला स्वतःचे पायच दिसत नव्हते.

दारापाशी येऊन तो थबकला. पुढे वाकायला बंदी. त्याने विचार केला, आणि तो मागे वाकला. आधी त्याचे गुडघे दारातून आत गेले, मग पोट, मग तसबीर. टोपी अजून बाहेरच होती. आत बसलेल्या वडीलधाऱ्यांना, सम्राट आडवा होऊन आपल्याकडे सरकतो आहे, असे दृश्य दिसले. आणि त्याच क्षणी दूताची टाच नेमकी उंबरठ्यावर पडली, रेशमावरून घसरली, आणि तो धपकन बाहेरच्या गवतात बसला. तसबीर मात्र त्याने दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरली होती.

मुले खदखदून हसली. मग मोठ्यांचे चेहरे पाहून तीही गप्प झाली.

"पाय पडला," तुर्गाक म्हणाला. त्याचा हात कमरेच्या सुरीवर गेला होता. "अख्खी टाच पडली. सगळ्यांनी पाहिलं."

"त्याला ठाऊक नव्हतं," कोणीतरी पुटपुटले.

"मीच सांगितलं होतं हो, सांगितलं होतं!" व्यापारी घाईने म्हणाला, आणि असे बोलून आपण दूताला वाचवत नसून बुडवत आहोत हे लक्षात येताच त्याने तोंडावर हात ठेवला.

कुमुश दाराशी उभी होती. तिने नदीच्या दिशेला पाहिले. एवढ्या वर्षांनी भाऊ हाकेच्या अंतरावर आला होता, आणि आता एका टाचेमुळे परत जाणार होता.

सरदार उठला, दारापाशी आला आणि बाहेर बसलेल्या दूताकडे पाहत म्हणाला, "तुर्गाक, कायदा काय आहे तो सांग बरं एकदा."

"उंबरठा तुडवून जो घरात येतो, तो वैरी."

"हा घरात आला का?"

तुर्गाकने दूताकडे पाहिले. "अजून नाही. पण आता येईलच की! आणि आला, की त्या तुडवणाऱ्या पायानंच आला असं होईल."

"बरोबर. म्हणजे त्याला घरात येऊ द्यायचं नाही."

कुमुश पुढे सरसावली. पण सरदार शांतपणे पुढे म्हणाला, "त्याच्याखाली एक जाजम घाला. त्याला म्हणावं, आरामात बस, हलू नकोस. कुमुश, बायकांना बोलाव. घर उचला."

"कोणतं घर?"

"हेच. आणि त्याच्यावर नेऊन ठेवा."

त्या टोळीत तंबू उभारणे आणि उतरवणे हे बायकांचे काम, आणि त्यात पुरुषांनी बोट घातलेले त्यांना खपत नसे. त्या हसत हसत आल्या. आत बसलेले वडीलधारे गडबडीने बाहेर पडले. एक आजोबा आपला पेला आत विसरले म्हणून पुन्हा आत पळाले आणि पेला छातीशी धरून, उंबरठा नीट ओलांडून, बाहेर आले. सरदार मात्र आतच उभा राहिला.

"धरा गं! जाळीला धरा, नमद्याला नको!"

"हं, उचला!"

पांढरा तंबू जमिनीपासून सुटला, गुडघ्यांपर्यंत आला, खांद्यांपर्यंत आला. त्याच्याखाली बायकांचे नुसते रंगीत बूट दिसत होते, आणि त्यांच्या मधोमध सरदाराचे जुने तपकिरी बूट संथ चालत होते.

"अगं सांभाळून, त्याच्या टोपीला लागेल!"

"लागू दे की. माणसापेक्षा टोपीच उंच आहे!"

"डोळे मिटलेत गं त्यानं."

"देवाचं नाव घेत असेल बिचारा. घर अंगावर येताना कधी पाहिलंय त्यानं?"

तंबू दूताच्या डोक्यावरून गेला आणि अलगद खाली टेकला. युजेनिओसने डोळे उघडले तेव्हा तो जाजमावर जसाच्या तसा बसलेला होता. पण भोवती काठ्यांची जाळी होती, वरच्या गोल झरोक्यातून ऊन त्याच्या मांडीवर पडले होते, आणि समोर वृद्ध सरदार बसत होता. व्यापारीही उंबरठा ओलांडून आत आला.

"तू आमच्या घरात आलेला नाहीस," सरदार म्हणाला. "आमचं घर तुझ्याकडे आलं आहे. म्हणजे उंबरठ्याचा आणि तुझा काही संबंध उरला नाही. वाटेत ऊन लागलं असेल. नदी उतरताना घोडे भिजले का? आमच्याकडे घोडा भिजला की आधी त्याची पाठ पुसतात आणि मग माणसाची विचारपूस करतात, तेव्हा राग मानू नकोस."

व्यापाऱ्याने भाषांतर केले. ते फारच थोडक्यात आटोपले.

"एवढंच?" सरदाराने विचारले. "मी तर बरंच बोललो."

"माफ करा, सरदार. माझं मन अजून तंबूवरच अडकलं आहे. नीट सांगतो."

तुर्गाक वाकून आत आला, मानाने बसला आणि बराच वेळ दाढी खाजवत राहिला. कायदा कुठे मोडला, हे तो शोधत होता. त्याला ते सापडले नाही.

मग घोडीचे आंबवलेले दूध आले. दूताने तसबीर उजवीकडे एका लाकडी चौरंगावर टेकवून ठेवली आणि पेला घेतला. एका घोटात त्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. "उत्तम आहे," तो म्हणाला, आणि खरोखरच धीराने त्याने दुसरा घोट घेतला. तेव्हापासून बायकांना तो आवडू लागला.

दुपारी सरदार घोड्यांच्या कळपाकडे निघाला. कुमुश त्याच्यासोबत होती. तिने आधी मागे वळून तंबूकडे पाहिले. मग म्हणाली,

"आजोबा, लोक म्हणतील, सम्राटाच्या एका माणसासाठी आमच्या सरदारानं घर हलवलं."

"म्हणतील."

"तुम्हाला कमीपणा नाही वाटला?"

"गवतासाठी आपण घर हलवतो, तेव्हा वाटतो का? वारा फिरला म्हणून दार फिरवतो, तेव्हा?" सरदाराने एका शिंगराच्या मानेवर हात फिरवला. "पोरी, उंबरठा कशासाठी आहे? वाईट मनाचा माणूस घरात येऊ नये म्हणून. हा माणूस वाईट मनाचा नाही. त्याला फक्त खाली पाहता येत नव्हतं. आता तुर्गाकचं ऐकलं असतं, तर कायदा राहिला असता आणि तोगान गेला असता. दूताची बाजू घेऊन, चालतं रे, एवढ्या तेवढ्यानं काय होतं, असं म्हटलं असतं, तर तोगान आला असता, पण उद्यापासून उंबरठ्याला कोणी विचारलं नसतं. म्हणून मी कायद्याला हात लावला नाही. दुसरं काय हलवता येईल ते शोधलं."

"आणि ते लोक का नाही हलले? दूत का नाही वाकला?"

"त्याला वाकता येत नाही म्हणून. ते लोक दगडात राहतात. आपल्याला हलता येतं. ज्याला हलता येतं त्यानं आधी हलावं. त्यात त्याचं काही जात नाही. दुसरा हलत नाही म्हणून आपणही दगडासारखं बसून राहिलो, तर मग इतक्या हलक्या काठ्यांची घरं बांधायची कशाला?"

कुमुश शिंगराकडे पाहत राहिली. तिला हे पटले होते, पण पूर्ण पटले नव्हते. ऐकलेली गोष्ट आणि कळलेली गोष्ट यांत अंतर असते, आणि ते अंतर दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

रात्री दूताला त्याच तंबूत झोपवले होते. दुसऱ्या दिवशी तहाची बोलणी इतकी सरळ झाली की व्यापाऱ्याला शंका येऊ लागली. टोळीला हिवाळ्यात नदीच्या दक्षिण काठावर घोडे चारता येतील. त्या बदल्यात टोळीने नदी ओलांडायच्या जागेवर पहारा ठेवावा आणि सम्राटाची गावे लुटू नयेत. सगळ्यांनी माना डोलावल्या. तुर्गाकने तर शिंग मांडीवर घेतले होते.

तेव्हा युजेनिओस उभा राहिला. "एक शेवटची गोष्ट राहिली," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजावरूनच कळले की ती सांगायला त्याला आवडत नाही. "तह पक्का होण्याआधी सरदारांनी तसबिरीसमोर येऊन एकदा मस्तक लववायचे आहे."

व्यापाऱ्याने हे भाषांतर जमिनीकडे पाहत केले.

तुर्गाकने शिंग खाली ठेवले. "आमच्या सरदाराचं डोकं फक्त आभाळासमोर झुकतं. दुसऱ्या कोणासमोर झुकलं, तर त्या दिवसापासून तो सरदार नाही. हाही कायदाच आहे."

"मला समजते," दूत म्हणाला. "पण परत गेल्यावर मला त्या तसबिरीवर हात ठेवून सांगावे लागेल की सरदार वाकले. मी वाकलेले पाहिले. खोटे मला सांगता येणार नाही." तो नदीच्या दिशेला वळला. "तो मुलगा वाटभर माझ्याशी बोलत होता. बहिणीविषयी, घोड्यांविषयी. त्याला परत न्यायची मला मुळीच हौस नाही. पण माझ्या हातात काही नाही."

सगळे सरदाराकडे पाहू लागले. सरदार कुमुशकडे पाहत होता.

"आज माझं डोकं चालत नाही," तो म्हणाला. "तू बघ."

"चालत नाही, की चालवायचं नाही?" ती हळूच म्हणाली.

"दोन्ही."

कुमुश बाहेर आली आणि तंबूभोवती फेऱ्या मारू लागली. काय हलवता येईल? तंबू हलवून उपयोग नव्हता. तसबीर आभाळाखाली आणली तर? सरदार आभाळासमोर वाकेल, आणि तसबीर मध्ये असेल. पण मग तसबीर आभाळाच्या जागी बसवल्यासारखे होईल. तुर्गाक सोडाच, तिला स्वतःलाच ते रुचेना. सरदाराच्या हातून काही पडावे आणि ते उचलायला त्याने वाकावे? छे, ही तर सरळ फसवणूक झाली, आणि दूत भला माणूस होता.

एवढ्यात तुर्गाक चिडून बाहेर पडला. थोडा वेळ घोड्यापाशी जाऊन बडबडला आणि परत आला. त्याची कंबर दुखत होती. एक हात पाठीवर ठेवून, कण्हत, तो दारात वाकला आणि आत गेला.

कुमुश जागच्या जागी थांबली. त्या दारातून टोळीतला प्रत्येक माणूस दिवसभर वाकून जात-येत होता. त्याला वाकणे असे कोणी म्हणतच नव्हते. सरदारही वाके. पण तो कोणासमोर वाकत नसे; दारातून जात असे.

ती आत गेली आणि थेट दूतासमोर बसली. "मी तुम्हाला आधीच सगळं खरं सांगते," ती म्हणाली. "तुमची तसबीर आता एका बाजूला आहे. ती आपण दारासमोर, मानाच्या जागी ठेवू. मग आमचे सरदार बाहेर जाऊन परत आत येतील. आत येताना ते वाकतील. पण ते दारासाठी वाकतील, सम्राटांसाठी नाही. तुम्हाला हे चालेल का?"

व्यापाऱ्याने भाषांतर केले, आणि या वेळी एकही शब्द गाळला नाही.

युजेनिओसने आधी दाराकडे पाहिले, मग मानाच्या जागेकडे, मग पुन्हा दाराकडे. "मला जे पाहायचे आहे," तो सावकाश म्हणाला, "ते एवढेच, की सरदार तसबिरीसमोर आले आणि वाकले. ते मला दिसेल."

"पण त्यांच्या मनात काय होतं, असं दरबारात विचारलं तर?"

"आमच्या दरबारात मनातले विचारायची पद्धत नाही," दूत म्हणाला. "विचारू लागले, तर दरबारात कोणी उरायचे नाही." आणि आल्यापासून पहिल्यांदाच तो हसला. एकदा सुरू झाल्यावर त्याला हसू आवरेना; टोपी काढून त्याने डोळे पुसले.

"मानाची जागा?" तुर्गाक म्हणाला. "ती सरदाराची जागा आहे. तिथे एक चित्र बसवायचं?"

"तुर्गाककाका, आपल्याकडे पाहुणा आला की त्याला कुठे बसवतात?"

"दारासमोर. मानाच्या जागी."

"आणि सरदार?"

"बाजूला सरकतात." तुर्गाकने तोंड उघडले, मिटले. "हूं. पाहुणा म्हणून बसत असेल, तर बसू दे. पण त्याला दूध देणार नाही मी."

तसबीर दारासमोर ठेवली गेली. सरदार बाहेर गेला. बाहेर जमलेल्या लोकांना काय चालले आहे ते बायकांनी तोवर सांगून टाकले होते, त्यामुळे सारा तळ दाराकडे डोळे लावून होता. सरदाराने आभाळाकडे पाहिले, डावा पाय उचलून उंबरठा ओलांडला, मान खाली घातली आणि आत आला. तो रोजच्यापेक्षा जरा सावकाश आला. नीट पाहणाऱ्याला वाटले असते की दार संपल्यावरही क्षणभर त्याची मान खालीच होती.

"आज फार वेळ लागला," तुर्गाक त्याच्या कानाशी कुजबुजला.

"गुडघे दुखतात रे," सरदार म्हणाला.

युजेनिओसने ते पाहिले. तसबीर आता चौरंगावर होती, त्याचे हात मोकळे होते आणि मानही मोकळी होती. तो उठला, लहानशा फटीतून निघावे तसा अंग चोरून बाहेर गेला आणि दारासमोर उभा राहिला. त्याला तसे करायला कोणी सांगितले नव्हते. त्याने झगा दोन्ही हातांनी गुडघ्यांपर्यंत उचलला. खाली, उंबरठ्याकडे, नीट निरखून पाहिले. मग पाणथळीतल्या बगळ्यासारखा एक पाय उंच, फारच उंच उचलून पलीकडे टाकला, मान पार छातीपर्यंत वाकवली, आणि तो आत आला.

बाहेर एकच जल्लोष झाला. बायकांनी टाळ्या पिटल्या. मुले बगळ्यासारखी पाय उचलून तळभर धावू लागली.

तुर्गाकने उठून दूताचा हात धरला आणि त्याला जागेवर आणून बसवले. "इतका उंच नाही उचलला तरी चालतं," तो म्हणाला. त्याच्या तोंडून हे कौतुकच होते.

आणि मग तो नदीकाठी गेला, आणि कंबर दुखत असूनही त्याने शिंग असे फुंकले की पलीकडच्या झाडांवरचे पक्षी उडाले.

नाव निघाली तेव्हा सगळी टोळी काठावर होती. नावेत वल्हेकऱ्याच्या मागे एक उंच मुलगा उभा होता. त्याला मिशी फुटली होती. केस शहरातल्यासारखे आखूड कापलेले, अंगात निळा झगा. काठ जवळ आला तशी नाव उथळ पाण्यात थांबली.

परत येणाऱ्याने पाण्यातूनच मोठ्याने आपली ओळख सांगायची, आपल्या आईचे, आजीचे आणि घोड्यांच्या कळपाचे नाव घ्यायचे, आणि मगच काठावर पाय ठेवायचा, असा त्या टोळीचा रिवाज होता. तोगानने छातीवर हात ठेवून शहरी पद्धतीने नमस्कार केला. मग चुकले हे कळून हात खाली घेतला. त्याने तोंड उघडले. पहिला शब्द आला. दुसरा आला नाही. लहानपणी गेलेला मुलगा. घरची भाषा त्याच्या जिभेवर गंजली होती. त्याचा चेहरा लाल झाला, आणि तो आपल्या पायांकडे पाहू लागला. काठावर कोणी हलेना. रिवाज रिवाज होता.

कुमुशने मागे वळून सरदाराकडे पाहिले नाही. ती सरळ पाण्यात उतरली. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यांपर्यंत. नावेच्या कडेला पोचून तिने भावाचा हात धरला आणि काठाकडे तोंड करून मोठ्याने आईचे नाव घेतले. ते तिच्यामागून तोगानने म्हटले. मग आजीचे. मग कळपाचे. एकेक शब्द ती पुढे सरकवत होती आणि तो अडखळत, मग कमी अडखळत, उच्चारत होता. शेवटचा शब्द त्याने एकट्याने म्हटला, आणि काठावरून इतका मोठा गलका उठला की वल्हेकरी दचकला. क्षणात सारी टोळी पाण्यात होती.

काठावर दोघेच म्हातारे उरले. तुर्गाकला या साऱ्यात काहीतरी खटकत होते. कायदा मोडला नव्हता, हे त्यालाही दिसत होते. अखेर त्याला एक गोष्ट सापडली.

"पोरीनं नवे बूट भिजवले," तो म्हणाला.

सरदार पाण्याकडे पाहत होता. तिथे बहीण भावाच्या आखूड केसांतून हात फिरवत होती आणि दोघेही हसत होते.

"वाळतील," तो म्हणाला.